इन्फोसिसचा पी/ई: 207 ते 13, आणि मधली नऊ वर्षं

बऱ्याच जणांची तक्रार असते की बसमध्ये किंवा बाईकवर ऐकताना आकडे डोक्यावरून जातात. आजच्या भागात आकडे जरा जास्तच आहेत, म्हणून हा सगळा मजकूर लिहून टाकतोय. निवांत वाचा. सुरुवातीलाच सांगतो, मी सेबीकडे नोंदणी केलेला सल्लागार वगैरे नाही. दिवसा कोड लिहितो, रात्री जुने वार्षिक अहवाल वाचतो, एवढीच माझी लायकी. कुठला शेअर घ्या किंवा विका हे इथे मिळणार नाही.

तर झालं असं. गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी माझ्या चुलतभावाचा मेसेज आला. एक स्क्रीनशॉट, आणि खाली लिहिलेलं: "दादा, याचा पी/ई 180 होता, आता 90 वर आलाय. निम्म्या भावात मिळतोय. टाकू का?"

कंपनी कुठली ते सोडा. टाकायचे होते सहा लाख. फ्लॅटच्या बुकिंगसाठी त्याने आणि त्याच्या बायकोने चार वर्षं साठवलेले.

आता या घराला एक जुनी जखम आहे. त्याचे वडील, म्हणजे माझे काका, पिंपरीला एका कारखान्यात होते. 2000 साली त्यांनी व्हीआरएस घेतली आणि आलेल्या पैशातला मोठा वाटा एका सॉफ्टवेअर कंपनीच्या शेअरमध्ये घातला. तेव्हा सगळेच घालत होते. दोन-तीन वर्षांत त्या कंपनीचं काहीच उरलं नाही. काकांच्या डिमॅट स्टेटमेंटवर ते शेअर अजून दिसतात, फक्त किमतीच्या रकान्यात शून्य आहे. आणि तेव्हापासून काकांचं एकच वाक्य: "कंपनी बोगस निघाली म्हणून बुडालो. खरी कंपनी घेतली असती तर आज बंगला असता."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्या रविवारी पहिल्यांदा वाटलं, हे तपासून बघता येईल की! काकांनी त्याच महिन्यांत, त्याच बाजारात, अगदी खरीखुरी, प्रामाणिक, जोरात वाढणारी कंपनी घेतली असती तर काय झालं असतं? अशी एक कंपनी सगळ्यांना माहीत आहे. इन्फोसिस.

आधी पी/ई म्हणजे काय, एका मिनिटात

पी म्हणजे शेअरचा भाव. ई म्हणजे एका शेअरच्या वाट्याला आलेला वर्षाचा नफा. भाव भागिले नफा. शेअर 200 रुपयांना आणि त्यामागे वर्षाचा नफा 10 रुपये, तर पी/ई 20. म्हणजे एक रुपया नफ्यासाठी बाजार 20 रुपये मोजतोय. एका शेअरऐवजी अख्खी कंपनी घेतलीत तरी उत्तर तेच येतं: कंपनीचं एकूण बाजारमूल्य भागिले एकूण नफा.

गणित चौथीतलं आहे. घोळ सुरू होतो तो हा आकडा वर्षानुवर्षं मागे नेऊन बघायला लागलो की. माझाही झाला.

पी/ई 3?

मी म्हटलं, यात काय, अर्ध्या तासाची स्क्रिप्ट आहे. जुने भाव एका ठिकाणाहून उतरवले, दरवर्षीचा एका शेअरमागचा नफा कंपनीच्या जुन्या अहवालांतून घेतला, भागाकार केला, आलेख काढला. मार्च 2000 साठी उत्तर आलं 3.2.

डॉटकॉमच्या फुग्याच्या ऐन टोकाला इन्फोसिसचा पी/ई तीन? चहा घेतला, परत चालवलं. परत 3.2.

बग सापडायला तासभर गेला. आज कुठल्याही ॲपवर इन्फोसिसचा मार्च 2000 चा भाव बघाल तर तो 140 रुपयांच्या आसपास दिसेल. पण त्या दिवशी बाजारात तो शेअर जवळपास 8,970 रुपयांना होता. मधल्या काळात कंपनीने बोनस शेअर वाटले: 2004 मध्ये एकाला तीन, मग 2006, 2014, 2015 आणि 2018 मध्ये एकाला एक. तेव्हाच्या एका शेअरचे आज 64 झालेत. त्यामुळे ॲप जुन्या भावाला 64 ने भागून दाखवतं. ते बरोबरच आहे, नाहीतर आलेखात दर बोनसला कडा कोसळल्यासारखा दिसला असता. पण मी नफा घेतला होता जुन्या अहवालातला, तेव्हाच्या शेअरमागचा, साधारण 43 रुपये. वर आजचा भाव, खाली तेव्हाचा नफा. 140 भागिले 43, झालं 3.2. वर किलो आणि खाली पौंड घेतल्यासारखा प्रकार.

दुसरा बग याहून चोरटा होता. 31 मार्च 2000 चा भाव मी 31 मार्च 2000 ला संपलेल्या वर्षाच्या नफ्याने भागत होतो. पण तो नफा जाहीर झाला एप्रिलमध्ये! त्या दिवशी शेअर घेणाऱ्या माणसाला डिसेंबरपर्यंतचाच नफा माहीत होता, आणि नफा तेव्हा झपाट्याने वाढत असल्यामुळे तो आकडा लहान होता. म्हणजे त्याच्या डोळ्यांसमोरचा खरा पी/ई माझ्या आकड्यापेक्षाही मोठा. इतिहास बघताना आपण नकळत उत्तरपत्रिका फोडून बघतो, ते हे असं.

शेवटी मी शेअर, बोनस वगैरे सगळं बाजूला ठेवलं आणि अख्ख्या कंपनीचं बाजारमूल्य भागिले अख्ख्या कंपनीचा नफा असं केलं. पुढचे सगळे आकडे त्या हिशेबाचे, 31 मार्चचे, थोडे गोल केलेले.

पुण्यातली सुरुवात

थोडी पार्श्वभूमी. इन्फोसिसला आपण बेंगळुरूची कंपनी म्हणतो, पण ती 1981 मध्ये सुरू झाली पुण्यात. सात इंजिनिअर, आणि सुधा मूर्तींनी दिलेले दहा हजार रुपये. 1983 मध्ये ते बेंगळुरूला गेले.

1992 पर्यंत आपल्याकडे कंपनीने शेअर किती भावाला विकायचे हे सरकारी खातं ठरवायचं. कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूज असं त्याचं नाव. ते 1992 मध्ये बंद झालं आणि कंपन्यांना स्वतः भाव ठरवायची मुभा मिळाली. फेब्रुवारी 1993 मध्ये इन्फोसिसने पब्लिक इश्यू आणला. दहा रुपये दर्शनी किमतीचा शेअर 95 रुपयांना. लोकांना हे प्रकरण महाग वाटलं, इश्यू पूर्ण भरला नाही. मॉर्गन स्टॅन्लेने पुढे येऊन मोठा हिस्सा उचलला, म्हणून निभावलं. जूनमध्ये शेअर बाजारात आला तो 145 ला.

ज्याने तेव्हा 100 शेअर घेतले, त्याचे गेले 9,500 रुपये. 1994, 1997 आणि 1999 मध्ये एकाला एक बोनस, 2000 च्या सुरुवातीला एका शेअरचे दोन. मार्च 2000 मध्ये त्याच्याकडे झाले 1,600 शेअर, किंमत जवळपास 1 कोटी 43 लाख. सात वर्षांत! काकांच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये तेव्हा हीच गोष्ट रोज सांगितली जायची म्हणे. ती खोटी नव्हती, आणि म्हणूनच ती ऐकून इतके लोक धावले.

एक वर्ष, सहापट

आता मुख्य आकड्यांकडे.

मार्च 1999. इन्फोसिस त्याच महिन्यात अमेरिकेच्या नॅसडॅकवर गेली. तिथे नोंद होणारी ती भारतातली पहिली कंपनी. बाजारमूल्य 9,673 कोटी, वर्षाचा नफा 133 कोटी. पी/ई 73.

मार्च 2000. बाजारमूल्य 59,338 कोटी, नफा 286 कोटी. पी/ई 207.

इथे जरा थांबा. एका वर्षात कंपनीची किंमत सहापट झाली. यातलं कंपनीने काय केलं? नफा 133 वरून 286, म्हणजे 2.15 पट. फारच भारी कामगिरी. पण उरलेलं? पी/ई 73 वरून 207, म्हणजे 2.85 पट. 2.15 गुणिले 2.85, झाले सहा. कंपनीने 2.15 पट कमावून दिलं, आणि बाकीचं लोकांनी एकमेकांना जास्त भाव देऊन वाढवलं.

भाव वाढला की तो कशाने वाढला हे बघायची ही सगळ्यात सोपी रीत आहे. किंमत किती पट झाली, त्यातून नफा किती पट झाला ते वेगळं काढायचं. उरतं ते लोकांच्या आशेचं.

आणि ती आशा किती महाग होती? पी/ई 207 म्हणजे 100 रुपये टाकले तर त्यामागे कंपनीचा वर्षाचा नफा 48 पैसे. त्याच वेळी पोस्टात पीपीएफवर 11 टक्के मिळत होते. 100 रुपयांवर 11 रुपये, सरकारी हमीने. 48 पैसे घेणाऱ्या माणसाची अर्थातच अपेक्षा होती की हे 48 पैसे भराभर वाढतील.

आणि ते वाढलेही

ही गोष्ट इथे इतर डॉटकॉम गोष्टींपेक्षा वेगळी होते.

10 मार्च 2000 ला नॅसडॅक निर्देशांक 5,048 वर पोहोचला आणि तिथून कोसळायला लागला. ऑक्टोबर 2002 पर्यंत त्याची तीन चतुर्थांशाहून जास्त किंमत गेली होती. आपल्याकडे 2001 मध्ये केतन पारेख प्रकरण बाहेर आलं. त्याच्या आवडत्या शेअरचा भाव कृत्रिमरीत्या चढवला गेला होता, ते तोंडावर आपटले. काकांची कंपनी या यादीतली नव्हती, पण त्याच लाटेतली. त्या लाटेतल्या कितीतरी कंपन्यांचं नफ्याचं खातंच रिकामं होतं. भागाकारात खालचा आकडाच गायब झाला, मग पी/ई कसला आणि भाव कसला.

इन्फोसिसचं तसं झालं नाही. मार्च 2001 ला संपलेल्या वर्षात विक्री 882 कोटींवरून 1,900 कोटींवर गेली. नफा 286 वरून 629 कोटींवर. दुपटीहून जास्त. म्हणजे आदल्या वर्षापेक्षाही जोरात वाढ. आणि बाजारमूल्य? 59,338 वरून 26,926 कोटी. नफा दुपटीच्या वर, किंमत निम्म्याच्या खाली. पी/ई 207 वरून 43.

हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला उलटंच वाटलं. इतका चांगला निकाल आणि भाव निम्मा? पण बाजार संपलेल्या वर्षाचे पैसे देत नाही. तो पुढच्या वर्षांचे देतो. अमेरिकेत मंदी येत होती, तिथल्या कंपन्या खर्च आवळत होत्या, मग सप्टेंबर 2001 चा हल्ला झाला. पुढचे आकडे बघा.

मार्च 2002: नफा 808 कोटी, वाढ 28 टक्के. पी/ई साडेतीस.
मार्च 2003: नफा 958 कोटी, वाढ 19 टक्के. पी/ई 28.

नफा दरवर्षी वाढतोय. वाढीचा वेग कमी होतोय. पी/ई त्या वेगाच्या मागे उतरतोय. 10 एप्रिल 2003 ला कंपनीने वर्षाचे निकाल दिले आणि पुढच्या वर्षीच्या वाढीचा अंदाज लोकांच्या अपेक्षेपेक्षा कमी सांगितला. एका दिवसात शेअर चतुर्थांशाहून जास्त पडला. पी/ई 20 च्या आसपास आला. कंपनीला तोटा झाला नव्हता, घोटाळा झाला नव्हता, फक्त वेग कमी होईल असं कळलं होतं.

तरीही ती पुन्हा सावरली. मार्च 2004 ला नफा 1,244 कोटी, पी/ई 26. मार्च 2005 ला नफा जवळपास 1,900 कोटी. बाजारमूल्य 61,073 कोटी.

61,073. आणि मार्च 2000 मध्ये होतं 59,338.

पाच वर्षं. नफा साडेसहा पटीहून जास्त. दरवर्षी सरासरी 46 टक्क्यांनी वाढलेला नफा, तोही मध्ये मंदी असताना. जगात फार कमी कंपन्यांना हे जमतं. आणि मार्च 2000 मध्ये घेतलेला शेअर पाच वर्षांनी होता तिथेच. बोनस धरून तेव्हाचा भाव 2,243 पडत होता, 2005 मध्ये होता 2,257. मधले डिव्हिडंड काय मिळाले असतील तेवढेच. त्याच काळात पीपीएफवाल्याचे पैसे गपचूप दीडपट झाले होते.

म्हणजे इन्फोसिसने 2000 साली लोकांनी जी स्वप्नं बघितली ती जवळजवळ सगळी खरी करून दाखवली. पण त्या स्वप्नांचे पैसे लोकांनी आधीच भरून टाकले होते.

सरासरीचा सापळा

आता भावाच्या मेसेजकडे येऊ. "पी/ई 180 होता, आता 90 आहे, म्हणजे निम्म्या भावात."

समजा आपण मार्च 2005 मध्ये बसलोय आणि इन्फोसिसचे सात वर्षांचे पी/ई समोर आहेत: 73, 207, 43, 31, 28, 26, 32. सरासरी काढा. येते 63. आजचा पी/ई 32. अरे वा, सरासरीच्या निम्मा! स्वस्त!

आता तेच सात आकडे चढत्या क्रमाने लावा आणि मधला उचला. येतो 32. म्हणजे शेअर नेहमीच्याच भावाला आहे, स्वस्त वगैरे काही नाही. एका वेड्या वर्षाच्या 207 ने सगळी सरासरी खेचून वर नेली होती. आपल्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये कंपनीचा मालक चढला की लिफ्टमधल्या सगळ्यांचा सरासरी पगार कोटीत जातो, तसं.

बऱ्याच ॲपवर "पाच वर्षांचा सरासरी पी/ई" असा रकाना असतो. तो बघायला हरकत नाही, पण आधी विचारा की त्या पाच वर्षांत एखादं 2000 साल लपलंय का. आणि खालच्या नफ्यातही असलं एखादं वर्ष असू शकतं. कंपनीने जमीन विकली आणि त्या वर्षी नफा फुगला, की पी/ई लहान दिसतो. पुढच्या वर्षी विकायला जमीन नसते. म्हणूनच बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांनी 1934 मध्येच सांगितलं होतं की एका वर्षाच्या नफ्यावर जाऊ नका, पाच-दहा वर्षांचा सरासरी नफा घ्या. पुढे रॉबर्ट शिलर यांनी तीच कल्पना अख्ख्या बाजारासाठी वापरली, महागाई वजा करून दहा वर्षांचा नफा. फुग्यांवरचं त्यांचं पुस्तक बाजारात आलं तेही नेमकं मार्च 2000 मध्ये!

13, आणि उलटी गंमत

गोष्ट 2005 ला संपत नाही. मार्च 2009. जागतिक मंदी. त्यातच 7 जानेवारी 2009 ला सत्यमच्या रामलिंग राजूंनी लिहून कबूल केलं की हिशेबात दाखवलेले पाच हजार कोटींहून जास्त रुपये अस्तित्वातच नाहीत. सत्यमचा जो पी/ई लोक तोपर्यंत बघत होते, त्याच्या खालचा नफाच फुगवलेला होता. भागाकार कितीही अचूक करा, खालचा आकडा खोटा असेल तर उत्तर कचरा. आम्हा कोडवाल्यांना हे पहिल्या सेमिस्टरला शिकवतात.

सगळ्या आयटी क्षेत्रावरचा विश्वास उडालेला. इन्फोसिसचं बाजारमूल्य 76 हजार कोटींच्या जवळपास, नफा 5,900 कोटींच्या वर. पी/ई 13.

2000 ते 2009: नफा वीसपट. बोनस धरून शेअरचा भाव नऊ वर्षांत वाढला फक्त 18 टक्के. वर्षाला दोन टक्केही नाही.

आणि पुढच्याच वर्षी उलटी गंमत झाली. मार्च 2010 मध्ये नफा 6,200 कोटींच्या आसपास, म्हणजे जेमतेम चार-पाच टक्के जास्त. बाजारमूल्य मात्र दीड लाख कोटी. दुप्पट! पी/ई 13 वरून 24.

हे दोन तुकडे शेजारी ठेवून बघा. 2000 ते 2005: नफा साडेसहा पट, भाव तिथेच. 2009 ते 2010: नफा तिथेच, भाव दुप्पट. एकच कंपनी, बरेचसे तेच लोक, तेच काम. फरक होता तो आत शिरताना काय मोजलं याचा. एकाने एक रुपया नफ्याला 207 मोजले, दुसऱ्याने 13.

इथे एक सावधगिरी. यावरून "पी/ई कमी दिसला की घ्या" असं समजू नका. सत्यम आठवा. आणि काकांची कंपनीही पडताना कधीतरी 10 पी/ई ला दिसलीच असेल, शून्यावर जायच्या वाटेवर. पोलादासारख्या धंद्यात तर नफा टोकाला असतो तेव्हा पी/ई सगळ्यात लहान दिसतो, कारण पुढे नफा घसरणार हे बाजाराला कळलेलं असतं. "पी/ई जास्त म्हणजे वाईट" असंही नाही. मार्च 1999 मध्ये 73 ला घेऊन 2005 पर्यंत शांत बसलेल्याचे पैसे सहापट झाले. पी/ई फक्त एवढंच सांगतो की किती वाढीचे पैसे तुम्ही आगाऊ भरताय. ती वाढ होईल का, हे तुम्हालाच शोधावं लागतं.

रविवारी संध्याकाळी

भाऊ संध्याकाळी घरी आला. काकाही आले होते. मी लॅपटॉपवर एक साधा तक्ता उघडला. चार रकाने: वर्ष, बाजारमूल्य, नफा, पी/ई. आधी इन्फोसिसचा भरून दाखवला, मग त्याच्या कंपनीचा त्याच्याकडूनच भरून घेतला.

त्याच्या कंपनीचा पी/ई 180 वरून 90 वर आला होता हे खरं होतं. पण भाव पडल्यामुळे नव्हे. भाव जवळपास तिथेच होता, दोन वर्षांत नफा दुप्पट झाला होता. म्हणजे कंपनी चांगली चाललेली दिसत होती. मग मी एकच प्रश्न विचारला: "भाव आहे तिथेच राहून हा पी/ई 30 वर यायचा असेल, तर नफा किती व्हायला हवा?"

"तिप्पट," तो म्हणाला.

"आणि तोपर्यंत तुझा फ्लॅट?"

तो काही बोलला नाही. काका मात्र इतका वेळ इन्फोसिसच्या तक्त्याकडेच बघत होते. 2000 ची ओळ, मग 2005 ची ओळ. शेवटी म्हणाले, "म्हणजे तेव्हा ही घेतली असती, तरी पाच वर्षांत काही मिळालं नसतं?"

"नाही काका. बुडाला नसतात हे नक्की. मुद्दल राहिलं असतं. आणि खूप वर्षं धरून ठेवले असतेत तर पुढे चांगले पैसे झाले असते. पण 2005 मध्ये ताईच्या लग्नाला पैसे लागले, तेव्हा जेवढे घातले तेवढेच हातात आले असते."

"पंचवीस वर्षं मी त्या कंपनीला शिव्या घालतोय," काका म्हणाले.

"ती शिव्यांच्याच लायकीची होती," भाऊ म्हणाला, आणि सगळे हसलो.

सहा लाखांपैकी त्याने पन्नास हजार टाकले, बाकीचे बँकेत तसेच आहेत. बरोबर केलं की चूक, मला माहीत नाही. पाच वर्षांनी याच तक्त्यात अजून पाच ओळी भरू, तेव्हा बघू.

तुम्हाला या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्याकडे असलेला एखादा शेअर घ्या. दहा वर्षांचं 31 मार्चचं बाजारमूल्य आणि त्या वर्षांचा नफा कंपनीच्या वार्षिक अहवालांतून काढा. ॲपवरचा तयार पी/ई नको, स्वतः भागाकार करा. भाव किती पट झाला, त्यातला नफ्यामुळे किती आणि पी/ईमुळे किती, हे वेगळं काढा. आणि कुठे उत्तर 3.2 वगैरे आलं तर आनंदाने उड्या मारायच्या आधी बोनस तपासा.

तुमचे तक्ते मला पाठवा, दोन-तीन चांगले पुढच्या भागात वाचून दाखवतो. तोपर्यंत काळजी घ्या. भेटू पुढच्या रविवारी.